म्हस्के सरांची शिफारसपत्रं

आमच्या भागात कोणाला पीएचडी मिळाली की बसस्टँडसमोर फ्लेक्स लागतो. नावाआधी ठळक 'डॉ.', खाली चुलते, मामे, सरपंच आणि मित्रमंडळ यांचे गोल गोल फोटो. मग शाळेच्या पटांगणात सत्कार होतो. फेटा, शाल, नारळ, भाषणं. अशा सत्कारांना म्हस्के सर न बोलावता जायचे. शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून सगळी भाषणं ऐकायचे. लोक चिवड्याच्या प्लेटांकडे वळले की स्टेजजवळ जाऊन त्या नव्या डॉक्टरचा हात धरायचे आणि हळू आवाजात विचारायचे, "झालं? आता कुठं जाऊन राह्यला?"

समोरचा गोंधळायचा. डोक्यावर फेटा असलेल्या माणसाला आपण पोचलो असंच वाटत असतं.

"कुठं म्हंजे, सर?"

"पीएचडी म्हंजे तू विहिरीत पोहाले शिकला. नदीत कधी उतरशीन?"

नदी म्हणजे पोस्टडॉक. पीएचडीनंतर एखाद्या मोठ्या प्रयोगशाळेत दोन-तीन वर्षं करायचं तात्पुरतं संशोधन. आमच्याकडे हा शब्द कोणाला ठाऊक नव्हता, तो म्हस्के सरांनी आणला. पोस्टाशी त्याचा काही संबंध असावा असं गावातल्या लोकांना बरीच वर्षं वाटत होतं.

सर गेल्याला आता वर्ष होत आलं. ते जानेफळचे. तालुक्याच्या गावी आमचं कॉलेज, तिथं ते रसायनशास्त्राचे विभागप्रमुख आणि मी शेजारच्या वनस्पतिशास्त्रात. दोन प्रयोगशाळांच्या मधल्या भिंतीत एक खिडकी होती. तिच्यातून त्यांच्याकडचा ॲसिडचा वास माझ्याकडे यायचा आणि माझ्याकडचा फॉर्मालिनचा त्यांच्याकडे जायचा. उंच, काटक माणूस. पँटच्या मांडीवर ॲसिडनं पडलेली बारीक भोकं. खिशात दोन पेन आणि भाजलेले शेंगदाणे. स्टाफरूममध्ये ते कधी बसले नाहीत. डबासुद्धा प्रयोगशाळेच्या दारात उभ्यानं खायचे. कोणाच्याही घरी गेलं की समोर आलेला पाण्याचा पेला आधी उजेडात धरायचे आणि तळ बघायचे. लग्नाच्या पंगतीतही. यावरून वहिनींनी त्यांना किती वेळा टोकलं असेल! "सवय हाये," एवढंच म्हणायचे. पोरांच्या परीक्षानळ्याही ते असेच बघत, आणि माझा समज असा आहे की माणसंही.

मी त्यांच्याशी जोडला गेलो तो टायपिंगमुळे. ते शिफारसपत्रं पेन्सिलीनं लिहायचे, तपासलेल्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर. मग खिडकीतून कागद आत सरकवायचे. "सावळे, एवढं टाईप करून द्या." अशी पत्रं मी वर्षानुवर्षं टाईप केली, त्यामुळे ती कशी असत हे मला सांगता येतं. त्यांत 'मेहनती' हा शब्द कधी नसायचा. एकदा मीच तो घातला, तर त्यांनी खोडला.

"मेहनती तं बैलबी असते. हा पोरगा काय विचारते, ते लिहा."

त्यांच्या पत्रात त्या विद्यार्थ्यानं विचारलेला एक तरी प्रश्न असायचा. 'याने एकदा मला विचारले की काहीच न घातलेल्या नळीतही हलका रंग का दिसतो. उत्तर शोधायला मला आठ दिवस लागले.' आणि शेवटी एक दोष. 'हा नोंदी आळसाने ठेवतो.' 'हिला मदत मागायला लाज वाटते.' मी म्हणालो, सर, अशानं निवड कशी होईल? ते म्हणाले, "एक दोष खरा लिहिला की बाकीच्या गुनाइवर इस्वास बसते." आणि बसायचा. बंगळूर, हैदराबाद, पार जर्मनीपर्यंत कुठल्या कुठल्या प्राध्यापकांना हे पत्र लिहिणारे म्हस्के कोण असं वाटायला लागलं होतं. आमच्यासारख्या आडगावच्या कॉलेजातून पत्र गेलं की तिकडून उत्तर यायचं.

रविवारी त्यांच्या प्रयोगशाळेत मुलाखतीचा सराव चालायचा. विद्यार्थी आमच्याच कॉलेजचा असला पाहिजे असं काही नव्हतं. इथं बीएस्सी करून पुढं अमरावती, औरंगाबाद, नागपूर असे पांगलेले पीएचडी झाल्यावर सरांकडे परत यायचे, आणि त्यांचं ऐकून दुसरेही यायचे. संदीप तायडे हा तर वरवट बकालचा, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाचा. पहाटेची गाडी पकडून खामगावला बदलायचा आणि दुपारी पोचायचा. हुशार पोरगा, पण उत्तर आलं नाही की मान खाली घालायचा. सरांनी फळ्यासमोर उभं करून त्याला प्रश्न विचारले. तिसऱ्या प्रश्नाला त्याची मान छातीला टेकली. सरांनी डस्टर टेबलावर आपटलं.

"मान कायले खाली घालतं बे? चोरी केली का?"

"नाई येत, सर."

"मंग नाई येत म्हन. पन डोळ्यात पाहून म्हन. 'मले हे येत नाई, पन मी असं शोधीन.' म्हन."

संदीपला ते पंचवीसेक वेळा म्हणायला लावलं असेल. मराठीत, मग इंग्रजीत. पुण्याच्या एका मुलाखतीआधी चहाच्या वेळी कोणीतरी त्याच्या 'मले-तुले'वर हसलं होतं, तेव्हापासून तो गप्पच झाला होता. सर म्हणाले, "त्याईले हासू दे. हासल्यानं मॉलिक्यूल बदलत नाई." पुढं तो जर्मनीला निवडला गेला. त्या दिवशी सरांनी विभागातल्या सगळ्यांना शेंगदाणे वाटले.

ते स्वतः मात्र कुठं गेले नव्हते. एकदा स्कूटरवर त्यांच्या मागं बसून जानेफळला जात होतो, तेव्हा मी विचारलं. त्यांनी वळून न बघता सांगितलं, की अमरावतीला पीएचडी झाल्यावर त्यांना बंगळूरच्या एका प्रयोगशाळेनं बोलावलं होतं, आणि त्याच आठवड्यात आमच्या कॉलेजची ऑर्डर निघाली.

"घरचे नको म्हणाले?"

"कोनीच काई म्हनलं नाई. मी भेलो, सावळे. पर्मनंट नोकरी दिसली अन् भेलो."

एवढं सांगून त्यांनी स्कूटरचा वेग वाढवला.

शुभांगी काळे सुलतानपूरची. बीएस्सीला आमच्याकडे होती. प्रयोगाच्या वेळी बाकीच्या मुली रंग बदलला की वहीत लिहून मोकळ्या व्हायच्या, ही रंग बदलल्यावर नळी घेऊन सरांकडे जायची. पीएचडीत तिनं एक पिवळं संयुग तयार केलं होतं, ते खूप थंड केलं की जांभळं व्हायचं. का व्हायचं ते कोणाला ठाऊक नव्हतं. सरांना त्याचं इतकं वेड लागलं की महिनाभर ते मलाही, मला त्यातलं ओ की ठो कळत नसताना, फळ्यावर आकृत्या काढून दाखवत होते. दक्षिणेतल्या एका नावाजलेल्या संस्थेत याच विषयावर काम चालू होतं. सरांनी पत्र लिहिलं, मी टाईप केलं, आणि तिची निवड झाली. तेवढ्यात घरी तिचं लग्न ठरत आलं. मुलगा चिखलीचा, बँकेत नोकरीला.

आम्ही दोघं सुलतानपूरला गेलो. सोयाबीन निघायचे दिवस होते. तिचे वडील नामदेवराव मळणीयंत्राजवळ उभे होते, अंगावर सगळा भुसा. त्यांनी हातपाय धुतले, ओसरीत सतरंजी टाकली, चहा सांगितला. माणूस सालस. आवाज न चढवता बोलणारा.

"सर, तिथी जाऊन ते पिवळ्याचं जांभळं करनार. त्याचा उपेग काय?"

"उपेग मंग. आधी ते काऊन होते, हे तं कळू द्या."

"कळून काय होते?"

सरांनी त्यांना तासभर समजावलं. ते खरंच सुंदर बोलले. या जिल्ह्यातल्या एका पोरीला जगातल्या कोणालाच माहीत नसलेली एक गोष्ट पहिल्यांदा कळेल, असं काहीतरी. नामदेवरावांच्या डोळ्यांत मला पाणी दिसलं. ते बराच वेळ सतरंजीचा धागा ओढत राहिले. मग म्हणाले, "पाठवतो. तुम्ही म्हनता म्हून पाठवतो. पन एक सांगा, सर. दोन-तीन वर्षांनं वापस येईन, तवा तिच्या हातात काय राहीन?"

"नाव राहीन," सर म्हणाले. लगेच म्हणाले, क्षणाचाही विचार न करता.

शुभांगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिनं पाणी आणून दिलं, चहा आणून दिला, कप उचलून नेले. त्या दोन तासांत तिला कोणी काही विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

ती गेली. चिखलीच्या मुलानं वर्षभरात दुसरीकडे लग्न केलं. पहिली दोन वर्षं तिचे फोन यायचे, सर प्रयोगशाळेच्या दारात उभे राहून मोठमोठ्यानं बोलायचे, हातानं हवेत आकृत्या काढायचे. मग तिथला प्रकल्प संपला. ती दुसऱ्या शहरात गेली. दीड वर्षानं तिसऱ्या. फोन कमी झाले, दिवाळीला एखादा. सर विचारायचे, "काम कसं चालू हाये?" ती म्हणायची, "चालू आहे." तिच्या बोलण्यातलं 'हाये' गेलं होतं, हे मला जाणवलं. सरांना जाणवलं की नाही, ठाऊक नाही.

आणि एक दिवस दुपारी ती प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली. सात वर्षं झाली होती. कानाजवळ केस पिकले होते, चष्मा लागला होता. मी खिडकीतून बघत होतो. सर प्रात्यक्षिकं घेत होते. त्यांचा चेहरा असा फुलला, की हातातलं ब्युरेट तसंच सोडून ते दाराकडे गेले.

"अरे! कवा आली? आता कुठं जाऊन राह्यली?"

"कुठंच नाई, सर."

पोरांना सुट्टी देऊन सरांनी तिला स्टूलवर बसवलं. तिनं सगळं सांगितलं, रडली नाही, आवाजही कापला नाही. तिसऱ्या संस्थेतले तिचे मार्गदर्शक परदेशी निघून गेले. तिचे नमुने तिथल्या फ्रिजरमध्ये राहिले, नव्या माणसानं जागा हवी म्हणून ते काढून टाकायला लावले. नव्या फेलोशिपला वयाची अट आडवी आली. कायम नोकरीच्या मुलाखतींना गेली, तर एका ठिकाणी सांगितलं की तुम्ही आमच्यासाठी फार शिकलेल्या आहात, दुसऱ्या ठिकाणी सांगितलं की तुम्हाला शिकवायचा अनुभव नाही. नामदेवराव मधल्या काळात वारले होते. भाऊ घरात ये म्हणत होता, पण भावजय बोलत नव्हती.

"मंग इथी काय करशीन?"

"आपल्या कॉलेजात तासिका तत्त्वावर जागा हाये, त्याचा अर्ज द्याले आली."

तासिका तत्त्व म्हणजे जितके तास शिकवाल तितक्यांचेच पैसे, सुट्टीत काहीच नाही. ती उठली, दाराजवळ गेली आणि तिथून वळली.

"जायचा रस्ता तुम्ही सांगतला, सर. वापस यायचा काऊन नाई सांगतला?"

मी खिडकीपासून बाजूला झालो. सरांचं उत्तर मात्र ऐकू आलं.

"मले मालूम नव्हता, बाई. मी गेलोच नव्हतो."

त्यानंतर सरांनी एक काम काढलं. आजवर ज्यांना ज्यांना पाठवलं, त्या सगळ्यांना पत्र लिहायचं. पेन्सिलीनं एकच मजकूर लिहून दिला, मी ईमेल पाठवत गेलो. 'तू आता कुठे आहेस, काय करतोस, आणि गेलास ते बरे केलेस का? खरे लिही.' उत्तरं येऊ लागली. मी ती छापून खिडकीतून द्यायचो, ते एका फाईलमध्ये लावायचे.

सगळी वाईट नव्हती, हे सांगायला हवं. एक जण हैदराबादला कायम शास्त्रज्ञ झाला होता, एकीची स्वतःची प्रयोगशाळा होती. त्यांनी भरभरून लिहिलं होतं. पण बाकीची पत्रं तशी नव्हती. एक जण बुलडाण्याला विमा विकत होता. एकानं बियाण्यांचं दुकान टाकलं होतं आणि पाटीवर 'डॉ.' लिहिलं होतं, त्यावर शेतकरी त्याला गुरांची औषधं मागायचे. संदीप तायडे जर्मनीहून आणखी एका देशात आणि तिथून तिसऱ्या देशात गेला होता, अजून तात्पुरताच. आई वारली तेव्हा व्हिसाचे कागद अडकलेले होते. वरवट बकालच्या स्मशानातून चुलतभावानं मोबाईलवर दाखवलं, ते त्यानं प्रयोगशाळेच्या जिन्यात उभं राहून पाहिलं. त्यानं शेवटी लिहिलं होतं, 'सर, मला हे येत नाही, आणि कसं शोधू तेही कळत नाही.'

एका पत्त्यावरून विद्यार्थ्याच्या भावाचं उत्तर आलं. चार ओळी. दादांनी दोन वर्षांपूर्वी आपला जीव दिला, घरी आईला अजून सहन होत नाही, कृपया पुन्हा पत्र पाठवू नये. ते मी सरांना द्यावं की नाही, दिवसभर ठरेना. संध्याकाळी दिलं. त्यांनी वाचलं, घडी घातली, परत उघडलं आणि पुन्हा वाचलं. मग कॉलेजच्या मागच्या आवारातल्या हातपंपावर गेले आणि स्वतःच पंप मारत, स्वतःच ओंजळ धरत कितीतरी वेळ तोंड धूत राहिले.

तेव्हापासून सत्काराला जाणं बंद झालं. पत्र मागायला कोणी आला तर सर नाही म्हणायचे नाहीत, पण आधी ती फाईल समोर ठेवायचे. "हे सगळं वाच. घाई करू नको. मंग सांग." काही जण वाचून तसेच निघून जायचे. काही जण थांबायचे, त्यांना ते पत्र द्यायचे. एक दोष अजूनही लिहायचे. रविवारचा सराव मात्र पुन्हा झाला नाही.

पुढं त्यांनी जे केलं ते मला तीन महिन्यांनी, हेडक्लार्क राऊतांकडून कळलं. सरांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला होता. अजून साडेतीन वर्षं नोकरी होती. मी त्यांना गाठलं. ते कपाटातल्या बाटल्यांची लेबलं नव्यानं चिकटवत होते.

"सर, हे काय ऐकतोय?"

"माही जागा रिकामी झाली तं ते भरतीन. शुभांगीसारखा अर्ज दुसऱ्या कोनाचा येनार हाये का?"

"तिला सांगितलं?"

"झाल्यावर सांगीन."

"वहिनींना?"

यावर ते लेबलांकडे बघत राहिले.

सर निवृत्त झाले. निरोपसमारंभात तासिकावाल्यांच्या रांगेत शुभांगीही बसली होती, तिला काही ठाऊक नव्हतं. जागेचा प्रस्ताव वर गेला. एक सत्र गेलं, दुसरं गेलं. मूळ विज्ञानाला पोरं कमी झाली होती, शिकवायच्या तासांचा कार्यभार भरत नव्हता, वरून भरतीवर बंदी होती. सर महिन्याला एकदा जानेफळहून यायचे आणि राऊतांच्या टेबलासमोर उभे राहायचे. शेवटी राऊत खुर्चीवरून उठले. राऊत तसा वाईट माणूस नाही.

"सर, आता कसं सांगू तुमाले... तुम्ही गेले अन् पोस्टबी तुमच्यासंगं गेली. ते आता कोनालेच भेटनार नाई."

"म्हंजे मी राह्यलो असतो तं?"

"तं तुम्ही राह्यले असते. एवढंच."

कार्यालयातलं बोलणं भिंतीत राहत नाही. संध्याकाळपर्यंत ते शुभांगीपर्यंत गेलं. सर बसस्टँडवर गाडीची वाट बघत होते, मी सोबत होतो. ती चालत आली. दम लागला होता. आजूबाजूला माणसं होती, तरी ती थांबली नाही.

"माह्यासाठी नोकरी सोडली तुम्ही?"

"त्यात काय एवढं..."

"मले विचारलं होतं का?"

सर गाडी यायच्या रस्त्याकडे बघू लागले.

"तवाबी नाई विचारलं. तुम्ही अन् बाबा बोलत होते, मी दारात उभी होती. मले जायचंच होतं, सर! पन कोनी विचारलं असतं तं मीबी दोन गोष्टी विचारल्या असत्या. आता पुन्हा तेच. मी या कॉलेजात राह्यनार होती का, हे तरी विचाराचं. आता लोकं म्हनतीन, हिच्यापायी सराचं पेन्शन कमी झालं. हे वझं मी कुठं ठेवू?"

जानेफळची गाडी लागली. सर चढले, खिडकीजवळ बसले. ती गाडी हलेपर्यंत उभी राहिली, पण त्यांच्याकडे बघितलं नाही. सत्र संपल्यावर तिनं कॉलेज सोडलं आणि खामगावला एका डॉक्टरकी-इंजिनीअरिंगच्या क्लासमध्ये लागली. तिचं नाव तिथल्या फ्लेक्सवर आहे. ती चांगली शिकवते असं ऐकतो.

सरांचा खोकला त्याच वर्षी वाढला. आमच्या प्रयोगशाळेत धूर ओढून घेणारं कपाट कधी बसलंच नाही, सगळी वाफ त्यांनी तीस वर्षं छातीत घेतली. बुलडाण्याच्या डॉक्टरांनी फोटो बघून फुप्फुसं आखडल्याचं सांगितलं. शिक्षकांपैकी भेटायला जाणारे थोडे होते. मी महिन्या-दोन महिन्यांनी जायचो. कॉलेजच्या गोष्टी सांगायचो, ते ऐकायचे. शुभांगीचं नाव दोघंही काढत नसू.

मग एकदा तिचा मला मेसेज आला. त्या तिसऱ्या संस्थेतलं काम इतक्या वर्षांनी एका मोठ्या नियतकालिकात छापून आलं होतं. पहिलं नाव तिचं. खाली फक्त एवढंच लिहिलेलं, 'वाटलं तर सरांना दाखवा.' मी ते छापून घेतलं आणि सोमवारी दुपारच्या गाडीनं जानेफळला गेलो.

सर ओसरीत खाटेवर बसले होते, शेजारी ऑक्सिजनचं मशीन घरघरत होतं, नळी नाकाला. मी कागद पुढं केला. त्यांनी नाव वाचलं. वहिनींना पेन्सिल मागितली. मग वाचायला लागले. वहिनींनी चहा आणला, तो निवला, त्यांनी दुसरा आणला. दीड तास मी ओसरीतल्या पंख्याचे फेरे मोजत बसलो. मधेच ते मान हलवायचे, मधेच थांबून श्वास गोळा करायचे. शेवटी त्यांनी एका तक्त्यावर पेन्सिल टेकवली.

"चांगलं काम हाये. लय चांगलं काम हाये." मग श्वास घेऊन म्हणाले, "पन हे पा. थंड केलं की जांभळं होते, बरोबर. अजून थंड केलं तं वापस पिवळं होऊन राह्यलं. काऊन? हे तिनं लिहिलं नाई."

"विचारा तिला. फोन लावून देऊ?"

ते दचकले. "मी? काय म्हनू तिले?"

"हेच विचारा."

मी फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. तिनं उचलला. "हं, सावळे सर."

"म्हस्के बोलून राह्यलो."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "बोला, सर."

"तिसरा तक्ता," सर म्हणाले. ख्यालीखुशाली नाही, काही नाही. "वापस पिवळं काऊन होते?"

मला वाटलं, ठेवते आता. पण ती बोलायला लागली. आधी अडखळत, जपून, क्लासमधल्या मराठीत. मग भरभर. ती कधी 'मले वाटते' आणि 'असं होऊन राह्यलं' वर आली ते तिलाही कळलं नसेल. मला त्यातलं काही समजत नव्हतं. सर समासात लिहीत होते, मधे एखादा शब्द विचारत होते, एकदा "नाई नाई, असं नाई होनार" म्हणाले आणि तिनं त्यांना खोडून काढलं, तेव्हा "हाव, बरोबर हाये" म्हणाले. वीसेक मिनिटं झाली असतील. तिच्या मागं बाकांचा आणि पोरांचा आवाज सुरू झाला.

"पोरं आली, सर. ठेवाव लागीन."

"हाव."

ती लगेच ठेवेना. मग म्हणाली, "छापून चार महिने झाले, सर. मले हे विचारनारे तुम्ही पह्यलेच."

फोन बंद झाला. वहिनी दारात उभ्या होत्या, त्या आत गेल्या. सर कागदाकडे बघत होते, नाकातली नळी जरा सरकली होती, ती त्यांनी नीट केली.

"निघा तुम्ही, सावळे. गाडी जाईन."

मी उठलो, चपला घातल्या. पायरी उतरत होतो तेवढ्यात त्यांनी हाक मारली.

"तिचा क्लास कितीले सुटते?"

"साडेपाचला."

त्यांनी समासात 'साडेपाच' लिहिलं, खाली एक रेघ मारली, आणि पुढचं पान उघडलं.